माळ आणि डबा

तुळशीची माळ गळ्यात घातल्यावर काय खायचे नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. मांस-मासे नाहीत, मद्य नाही, एकादशीला उपवास. माळ घालतानाच महाराज हे सांगतात आणि आपण मान डोलावतो. पण त्यानंतरच्या सोमवारी डबा घेऊन कामावर जायचे असते. दुपारी एक वाजता पाच-सहा जण दोन टेबले जवळ ओढून बसतात, त्यांच्यात बसायचे असते. तिथे कसे वागावे, हे मात्र माळ घालताना कोणी सांगत नाही. शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते पाहावे की पाहू नये? त्याने पुढे केलेली वाटी घ्यावी का? नको म्हणायचे तर कोणत्या तोंडाने म्हणावे? सप्ताहात भेटणारे तरुण माळकरी हा प्रश्न विचारतात, तो कीर्तन संपल्यावर, चपला शोधता शोधता, हळू आवाजात. द्वैत-अद्वैताचे प्रश्न मंडपात मोठ्याने विचारता येतात. डब्याचा प्रश्न विचारताना माणसाला संकोच वाटतो. आणि रोजची परीक्षा तर डब्याचीच असते.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी निर्मळचा. नालासोपारा स्टेशनहून समुद्राच्या बाजूला निघाले की वाड्या सुरू होतात, केळी, पानवेली, फुलझाडे आणि भाजीपाल्याच्या, आणि मग आमचे तळे लागते. तळ्याकाठच्या उंचवट्यावर शंकराचार्यांची समाधी आहे. कार्तिक वद्य एकादशीला इथली जत्रा सुरू होते. म्हणजे जी एकादशी आळंदीची, तीच आमच्या जत्रेची. जन्मभर ही ओढाताण अनुभवतो आहे. माउलींच्या समाधी सोहळ्याला जावे तर गावची जत्रा चुकते, आणि गावात राहावे तर इंद्रायणी आठवते. याच गावात चर्चही आहे आणि त्याची घंटा आमच्या काकड्याच्या वेळी ऐकू येते. इथले सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, यांची घरची बोली एकच, कादोडी. त्यांना लागून वाडवळ, आगरी, कोळी. वाडीची मेहनत सारखी, पाऊस सारखा, भाजी मुंबईच्या ज्या बाजारात जाते तो बाजारही एकच. वेगळे आहे ते फक्त स्वयंपाकघर.

जत्रेत सुकेळी मिळते. परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो, कारण ती खाल्ल्याशिवाय कळत नाही. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवायची. दिवसा पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. असे आठवडाभर केले की केळे आक्रसते आणि त्याला मधाचा रंग येतो. साखर नाही, तेल नाही, मीठ नाही. वाळक्या केळीच्या पानात बांधलेली ही पुडी उपवासाला चालते, म्हणून एकादशीच्या दिवशी माळकरी माणूस ती आवर्जून विकत घेतो. ती कोणाच्या अंगणात वाळली हे तो विचारत नाही. पुष्कळदा ती एखाद्या ख्रिस्ती आजीच्या अंगणात वाळलेली असते. तिने कावळे हाकलले, ढग आले तेव्हा धावत जाऊन केळी आत घेतली, आणि आमची एकादशी गोड झाली. आजवर एकाही माळकऱ्याने या पुडीला विटाळ मानलेला मी पाहिलेला नाही.

मग दुपारच्या टेबलावर काय बिघडते?

आमच्या कचेरीत आम्ही सहा जण जेवायला बसतो. एकाच्या डब्यात पोळी-भाजी, एकीच्या डब्यात वालाचे बिरडे, सोपाऱ्याहून येणाऱ्या मुसलमान मित्राच्या डब्यात कधी खिमा, कधी नुसते डाळ-चावल, कुपारी मित्राच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि महिन्याच्या अखेरीस सुके बोंबील. शुक्रवारी डबे नसतात. त्या दिवशी मोबाईलवरून जेवण मागवायचे, असा ठराव तरुण मंडळींनी केला आहे. बिर्याणी येते, नूडल्स येतात, माझ्यासाठी इडली किंवा थाळी येते. वाढदिवस असला की स्टेशनाजवळच्या बेकरीतून पॅटिसांचा खोका येतो. त्यात दोन भाजीचे असतात आणि त्यांना वेगळी पुडी बांधलेली असते. हे सगळे हसतखेळत चालते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती डोक्यातून जाईना. बोंबील आणले त्या दिवशी तो कुपारी मित्र टेबलापाशी बसत नाही. खुर्ची खिडकीकडे वळवतो, डबा मांडीवर घेतो, झाकण अर्धेच उघडतो आणि भराभर जेवून हात धुतो. त्याला कोणी काही बोललेले नाही. मी तर नाहीच. माझी माळ त्याच्याशी परस्पर बोलली.

इथे पहिल्यांदा वाटते, हा त्याचा चांगुलपणा आहे. आहेच. पण माझ्या व्रतामुळे एका कष्टकरी माणसाने आपले अन्न लपवून खावे, याला काय म्हणावे? ते अन्न त्याच्या घरच्या बाईने पहाटे उठून रांधलेले आहे. त्या बोंबलाला लाज वाटावी असे त्याने काय केले?

काल्याचा विचार मी यासाठी पुन्हा नव्याने केला. आपल्याकडे सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढीची वारीदेखील पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याशिवाय पुरी होत नाही. कथा सर्वांना पाठ आहे. यमुनेच्या काठी गाई सोडून गोपाळ बसले. ज्याने त्याने आपापली शिदोरी सोडली. कोणाची दही-भात, कोणाची ताकातल्या कण्या, कोणाची परवाची भाकरी. कीर्तनकार इथे पेंद्याला उभे करतात. लंगडा, गरीब, शिदोरी फडक्यात घट्ट बांधून मागे मागे सरकणारा. त्याला वाटते, माझी शिळी भाकरी या सगळ्यांत कशी काढू? आणि देव नेमके त्याचेच फडके ओढतो. आपण या ठिकाणी हसतो, मृदंग वाजतो, लाह्या-पोह्यांची उधळण होते. मात्र त्या कथेत देवाने सर्वांत आधी काय केले हे पाहावे. त्याने अन्न मिसळण्याआधी लाज मोडली. सगळ्यांच्या शिदोऱ्या उघड्या पडल्या, मगच काला झाला. एक जण जरी झाकून बसला असता तरी ते गोपाळांचे जेवण झाले असते, काला झाला नसता.

पुढची कथा तर याहून विलक्षण आहे. काल्याचे उष्टे मिळावे म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, आणि कृष्णाने गोपाळांना सांगितले की हात पाण्यात धुऊ नका, घोंगडीला पुसा. स्वर्गातल्या देवांना अमृत होते. त्यांना हवे होते ते अनेक घरांचे एकत्र झालेले, अनेक हातांनी कालवलेले अन्न. ते त्यांच्याकडे नव्हते, कारण स्वर्गात प्रत्येकाचे पात्र वेगळे.

आता कोणी म्हणेल, आणि मंडळींपैकी एका ज्येष्ठ वारकऱ्यांनी मला तसे म्हटलेही, की काल्यात दही-पोहे होते, बोंबील नव्हते; उगीच कथा ताणू नका. हा आक्षेप खरा आहे. काल्याच्या नावाखाली माळकऱ्याने वाटेल ते खावे, असे मी म्हणत नाही. उलट, मित्रमंडळीत ‘एका घासाने काय होते’ म्हणून आग्रह करणारे जे असतात, त्यांचे वागणे मला मुळीच पटत नाही. व्रत हे कोणाचा अपमान करण्यासाठी घेतलेले नसते, तसेच कोणाच्या गमतीसाठी मोडण्याकरिताही नसते. माझ्या ताटात काय असावे याचा निकाल माळेने दिला आहे, तो तिथेच संपला. प्रश्न आहे तो माझ्या ताटाच्या पलीकडचा. नियम माझ्या तोंडाचा आहे. तो दुसऱ्याच्या झाकणावर कधी जाऊन बसला?

आपल्या भागाला या प्रश्नाची किंमत जास्त चांगली ठाऊक असायला हवी. 1534 ते 1739, दोनशे वर्षे वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळातली एक गोष्ट किनाऱ्यावर घरोघर सांगितली जाते. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायले आणि गाव बाटले. गोष्ट अशीच्या अशी घडली का, हे इतिहासकारांनी पाहावे. धर्मांतराची कारणे इतकी सोपी नव्हती, हे उघड आहे. पण आपण ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या अर्थाने सांगत आलो, ते बघा. पाव टाकणाऱ्याला आपण दोष देतो. एका तुकड्यासाठी शेजाऱ्याला दार लावणाऱ्याबद्दल मात्र गोष्टीत एक शब्द नाही. पाव टाकायला एक क्षण पुरला. दार पुढे दर दिवशी नव्याने लावावे लागले.

हे किनाऱ्यावरच्या अडाणी माणसांचेच होते असे नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसे त्या मंडळींत होती. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी छापून आणली, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, ग्रामण्य उभे राहिले आणि ज्यांच्या विद्वत्तेपुढे सरकार दबकत असे त्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका कपासाठी.

मुंबईतल्या डबेवाल्यांच्या धंद्याची सुरुवातही 1890 सालची सांगतात, महादू हावजी बच्चे यांनी केलेली. डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या बाजूचे. त्यांच्यात वारकरी पुष्कळ, गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी. विरार-चर्चगेट मार्गावर त्यांना पाहत मी मोठा झालो. डोक्यावर लाकडी पाटी, पाटीत तीस-चाळीस डबे. त्यातल्या एकात साबुदाणा असेल, एकात मटण, एकात सुकी मच्छी. माळकरी डबेवाला ती सगळी पाटी एकाच डोक्यावर घेतो. आमच्या कीर्तनाच्या व्यासपीठावरून अन्नशुद्धीवर तास-तास बोलले जाते, पण माझ्या मते या माणसाने तो विषय मान न वळवता सोडवला आहे. कोणाच्या डब्यात काय, हे पाहणे त्याचे काम नाही. ज्याच्या घरून जे निघाले ते त्याच्यापर्यंत गरम पोचवणे, हे त्याचे काम. त्याची स्वतःची भाकरी वेगळी बांधलेली असते आणि तो ती आपल्या वेळेला खातो. त्याच्या माळेला काही झालेले ऐकिवात नाही.

याहून अवघड गोष्ट घरात आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

माळ घालणारा बहुधा घरातला एक असतो. बाकीचे घातलीच पाहिजे असे नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर तर मुलांना मासे हवे असतात. मग त्या घरात दोन तवे होतात, दोन पातेली होतात, दोन फडकी होतात. हे दोन तवे कोण सांभाळते? माळ घालणारा नाही. सकाळी सहाला उठून आधी माळकऱ्याचा डबा, मग ओटा पुसून मुलांचे कालवण, मग पुन्हा ओटा पुसणे, हे घरातल्या बाईच्या वाट्याला येते. चातुर्मासात कांदा-लसूण गेला की तिसरे पातेले. एकादशीला वऱ्याचे तांदूळ वेगळे. पुरुष पंढरीला जाऊन येतो, त्याची वारी लोक मोजतात. तिने किती वेळा ओटा पुसला याची मोजदाद नाही. व्रत त्याचे, मेहनत तिची. काही घरांत तर तिची स्वतःची माळ असते आणि तरीही मुलांसाठी मासे तीच साफ करते. हात धुऊन तुळशीला पाणी घालते आणि या दोन्हींत तिला विरोध दिसत नाही. तिच्या ज्ञानाची पायरी मला अजून चढता आलेली नाही.

माझी पुतणी सध्या ओव्हनमध्ये एक विलायती प्रकार करते. मैद्याच्या पारीत बटाटा, मटार, गाजर भरून वरून दुसरी पारी लावून भाजायचे. त्याला ‘पाय’ म्हणतात. पहिल्यांदा नाव ऐकून आमच्या वयोवृद्ध आत्याबाई दचकल्या. त्यांना वाटले पोरगी बकऱ्याचे पाय शिजवते आहे. मी म्हटले, आत्या, घाबरू नका, ही आपल्या पानगीची लांबची बहीण आहे, केळीच्या पानाऐवजी मैदा पांघरून आली आहे. पण सांगायची गोष्ट वेगळी. या पदार्थावर चकाकी यावी म्हणून वरून फेटलेले अंडे लावतात. पुतणी त्यातला एक कोपरा दूध लावून भाजते आणि तिथे पारीवर काट्याने बारीकशी तुळशीची मंजिरी कोरते. तो कोपरा काकांचा. तिला माळ नाही, घालायचा विचारही नाही. माझी माळ तिने आपल्या पदार्थावर काढली.

तेच गावातल्या लग्नांत. कुपारी शेजाऱ्याकडे लग्न असले की आम्हा हिंदू पाहुण्यांसाठी शाकाहारी स्वयंपाक निराळा होतो, निराळा आचारी, निराळी भांडी. त्याचा खर्च आहेरातून वळता होत नाही. आम्ही जेवतो, पान खातो, आशीर्वाद देऊन घरी येतो आणि म्हणतो, ‘आपला नियम पाळला गेला.’ पाळला गेला खरा, पण कोणी पाळला? बेकरीत दोन पॅटिस वेगळी बांधून घेणारा, थाळी वेगळी मागवणारा, खुर्ची खिडकीकडे वळवणारा, ओटा पुसणारी, मंजिरी कोरणारी, ही सगळी माणसे माझे व्रत थोडे थोडे उचलत आहेत. माझ्या एकट्याच्या बळावर ते एक आठवडाही टिकले नसते. मग त्या व्रताचा ताठा मी कोणाला दाखवायचा? ज्यांच्या खांद्यावर ते उभे आहे त्यांनाच?

नाथांची श्राद्धाची कथा महिपतींनी सांगितली आहे आणि ती आपण सगळे जाणतो. तिच्यातला एक तपशील माझ्या मनात राहिला आहे. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते, आणि रस्त्याने जाणाऱ्या महारांच्या मुलांना आतल्या अन्नाचा वास आला. ती मुले काही मागत नव्हती. आपापसात एवढेच बोलली की असले अन्न आपल्या नशिबी कुठले. नाथांनी ते ऐकले आणि गिरिजाबाईंनी पाने मांडली. ब्राह्मण रागावले, जेवायला आले नाहीत, तर प्रत्यक्ष पितर येऊन बसले. म्हणजे त्या घरातून अन्नाचा वास बाहेर गेला आणि नाथांना त्यात आमंत्रण ऐकू आले. आज आपल्याकडे उलटे चालू आहे. बाहेरून वास आत आला की आपण खिडकी लावतो. नव्या इमारतींत घर विकताना आधी विचारतात, तुम्ही मासे खाता का. वसई-विरारच्या किनाऱ्यावर, जिथे कोळणीच्या टोपलीवर निम्मी घरे उभी राहिली, तिथे हा प्रश्न विचारला जातो.

एकांनी मला संगतीची भीती घातली. वासाने मन चळते म्हणे. चळत असेल. मला त्याबाबत इतकेच वाटते की बोंबलाच्या वासाने जी माळ हलते ती दोऱ्यातच आहे, गळ्यात अजून पडलेली नाही. चमच्याचे म्हणाल तर मी माझा वेगळा ठेवतो आणि तसे मोकळेपणाने सांगतो. ‘माझा चमचा त्यात घालू नकोस रे’ असे हसून म्हटलेले आजवर कोणाला लागलेले नाही. नाकाला रुमाल लावून काही न बोलता बसणे मात्र लागते, आणि फार खोल लागते.

गेल्या महिन्यात कचेरीत एक कागद फिरू लागला. जेवणाच्या खोलीत सामिष डबे आणू नयेत, अशी सूचना लावावी, म्हणून खाली सह्या. माझ्याकडे तो सर्वांत आधी आला. माळ बघून आणणाऱ्याने गृहीतच धरले होते. म्हणाला, ‘काका, तुमच्यासाठीच करतोय.’ मी त्याला बसवले, चहा दिला आणि सांगितले की माझ्यासाठी करायचे असेल तर ती खिडकीकडची खुर्ची टेबलाशी आणून ठेव. सही केली नाही. त्याला राग आला असावा. पुढे त्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या झाल्या मला माहीत नाही. सूचना अजून लागलेली नाही.

परवा महिनाअखेर होती. मी माझा डबा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन त्याच्या समोर बसलो. त्याने झाकण दाबून धरले. मी माझे उघडले, शेपूची भाजी होती, तिचाही वास काही कमी नसतो. तो हसला. मग बाकीच्यांनी टेबले तिकडे ओढली. खोलीभर सरकवण्याचा आवाज झाला आणि शेजारच्या विभागातली माणसे डोकावून गेली.

या शुक्रवारी एकादशी आहे. मागवण्याचा दिवस त्यांनी परस्पर गुरुवारवर आणला. मला कोणी विचारले नाही, नुसते कळवले.